पातं लांबलं, घाट तेवढाच राहिला

पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनला २०२५ मध्ये ३० वर्षं झाली. कंपनी उभी करणारे तुलसी तांती मात्र १ ऑक्टोबर २०२२ लाच गेले. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या पवनचक्क्या आहेत. त्या बदलायच्या म्हटलं, की आधी घाट आडवा येतो.

महाराष्ट्राच्या वाऱ्याचं खरं दशक १९९८ ते २००८. ३५० किलोवॉटच्या यंत्राचं पातं तेव्हा जेमतेम १६ मीटरचं, ट्रेलरवर टाकलं की पठारावर पोचायचं. पैसा आला तो घसाऱ्याच्या करसवलतीमुळे. यंत्र उभं केलं की कर वाचे, वीज किती निघते याची फिकीर कोणाला नव्हती. त्या सवलतीने वाऱ्याचं नुकसानच केलं. युनिटमागे ५० पैसे देणारी योजना यायला डिसेंबर २००९ उजाडला.

तोवर पाती लांबली होती. सुझलॉनच्या एस-८८ यंत्राचं पातं चाळीस मीटरच्या पुढे गेलं, अमेरिकेत त्याला तडे गेले आणि २००८ मध्ये १,२५१ पाती मजबूत करायची वेळ आली. एवढं पातं घाटातून न्यायचं, तर ते तुकड्यांत नेऊन वर जोडावं लागतं; त्या सांध्याचा विचार तेव्हाच इथे मुळापासून व्हायला हवा होता.

सांधा सोपा नाही, कारण पातं म्हणजे मुख्यतः कापडच. साच्यात काचतंतूंचे थर अंथरायचे, निर्वात करून रेझिन ओढायचं, ते घट्ट झालं की दोन कवचं चिकटवायची. ताकद लांबलचक अखंड तंतूंत असते. पातं कापलं की तंतू तुटतो आणि त्याचा सगळा भार सांध्याला पेलावा लागतो. सरलेल्या ताण्याला नवा ताणा जोडताना हातमागावरचा विणकर एकेक धागा पिळतो, तो उगाच नाही. एक टोक सुटलं तर कापडात तेवढी रेघ मोकळी राहते. पात्यात बोल्ट घालावे, तर वजन वाढतं आणि त्यांच्या भोकांभोवती ताण साचतो. डिंकाने जोडावं, तर धूळ-दमटपणा टाळून उघड्या माळावर तो नीट सुकवायचा कसा? शिवाय विजेपासून संरक्षण करणारी तारही सांध्यातून अखंड न्यावी लागते.

तरी बाहेर हे जमलं आहे. गमेसा कंपनीने ४.५ मेगावॉटच्या यंत्रासाठी दोन तुकड्यांचं, बोल्टने जोडायचं पातं केलं. जीई कंपनीचं १५८ मीटर व्यासाच्या चक्राचं यंत्र नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये फिरू लागलं, त्याचंही पातं दोन तुकड्यांचं.

जुनी यंत्रं बदलण्याचं केंद्राचं सुधारित धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं. आता १४४ मीटर चक्राचं यंत्र पठारावर न्यायचं, तर सुमारे ७० मीटरचं पातं घाटाच्या वळणांतून चढवावं लागणार. पुण्याजवळ कारखाने आहेत, इंजिनिअर आहेत आणि वनकुसवड्यासारखा घाटमाथाही हाकेवर आहे. सांध्याच्या चाचणीसाठी राज्याने पैसा काढावा आणि पहिलं जोडपातं याच पठारावर फिरवावं.