ज्येष्ठांसाठी शुश्रूषा व पुनर्वसन केंद्र निवडताना काय तपासावे?

खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झाले किंवा लकव्याचा झटका आला, तर काही दिवसांत दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो. माणूस मात्र अजून अंथरुणावरच असतो. घर एका खोलीचे, कमावणारे दिवसभर बाहेर. मग वस्तीतले लोक कार्यकर्त्यांना विचारतात, "एखादे चांगले केंद्र माहीत आहे का?" ज्येष्ठांसोबत काम करताना आमच्याकडेही हा प्रश्न सतत येतो. एक नाव सांगून त्याचे उत्तर देता येत नाही. केंद्र कसे पारखायचे, हे मात्र सांगता येते.

आधी फरक लक्षात घेऊ. वृद्धाश्रमात मुख्यतः राहण्या-जेवणाची सोय असते. शुश्रूषा व पुनर्वसन केंद्रात त्याशिवाय नर्सिंग आणि फिजिओथेरपी हवी. पाटीवर 'पुनर्वसन' आणि आत फक्त कॉट व जेवण, असे अनेकदा दिसते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : आमचा माणूस इथे राहून काय करू लागेल? उठून बसणे, वॉकर धरून संडासपर्यंत जाणे, स्वतःच्या हाताने जेवणे, असे उद्दिष्ट आणि त्याची मुदत लिहून मागा. लकव्यानंतर साधारण पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वात वेगाने होते. तो काळ नुसता झोपून गेला, तर पुढे फार जड जाते.

दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. दिवसा किती जण आणि रात्री किती, हे वेगवेगळे विचारा. नर्सची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, फिजिओथेरपिस्टचीही राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. मावशी सलग किती तास ड्युटी करतात, तेही विचारा. थकलेल्या, कमी पगारावर राबणाऱ्या बाईकडून रात्री दोन वाजता प्रेमाने डायपर बदलण्याची अपेक्षा धरता येत नाही. कामगारांचे हाल आणि ज्येष्ठांचे हाल इथे एकमेकांना जोडलेले आहेत.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याची. जेवणाच्या वेळी जा. आडवे झोपवून घास भरवतात, की पाठीला आधार देऊन बसवतात? आडव्या माणसाच्या श्वासनलिकेत अन्न जाण्याचा धोका असतो. स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. कूस बदलल्याची नोंदवही दाखवायला सांगा. कुणाचे हात कॉटला बांधलेले दिसले, तर कारण आणि डॉक्टरांची लेखी सूचना मागा.

चौथी गोष्ट पैशांची. महिन्याच्या रकमेत औषधे, डायपर, फिजिओथेरपी धरली आहे का? अनामत रक्कम कधी परत मिळेल? अचानक तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात नेणार आणि तो खर्च कोणाचा? हे सगळे करारात हवे. भेटीच्या वेळेवर फार बंधने असतील, तर सावध व्हा.

खर्च झेपत नाही, पण मुलांची ऐपत आहे, अशा वेळी २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा उपयोगी पडतो. या कायद्यानुसार ज्येष्ठांना न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्चासाठी अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतले आणि पुढे सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूदही याच कायद्यात आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचे काय झाले, हा प्रश्न तरुणांनी समाजकल्याण कार्यालयात विचारायला हवा. मदतीसाठी १४५६७ ही एल्डर लाइन आहे.

आणि सर्वात आधी त्या आजी-आजोबांना विचारा. त्यांना कुठे राहायचे आहे, काय खायचे आहे, कोणाला भेटायचे आहे? जिथे संचालक फक्त मुलाशी बोलतात आणि कॉटवरच्या माणसाकडे पाहतही नाहीत, तिथे पुढचे दिवस कसे जातील याचा अंदाज येतो.

दाखल केल्यावर तपासणी संपत नाही. वस्तीतल्या पाच-सहा तरुणांनी पाळी लावून दर आठवड्याला न सांगता एक चक्कर टाकावी. ज्याला भेटायला माणसे येतात, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे केंद्रालाही अवघड जाते.