हॅम्लेटचा पहिला प्रवेश गाळू नका

भाचीने परवा विचारलं, "मामा, पहिल्या प्रवेशात हॅम्लेटच नाहीये. सोडून दिला तर चालेल?"

अजिबात नाही!

डेन्मार्कमधला एल्सिनोरचा किल्ला. मध्यरात्र, कडाक्याची थंडी. फ्रान्सिस्को पहाऱ्यावर आहे आणि त्याची पाळी संपवायला बर्नार्डो येतो. कोण आलंय, हे खरं तर पहाऱ्यावरच्याने विचारायचं. इथे येणाराच आधी दरडावून विचारतो! पहिल्याच वाक्यात कळतं, या राज्यात सगळे धास्तावलेले आहेत.

आता हे लक्षात घ्या: हे नाटक जिथे व्हायचं ते लंडनचं ग्लोब थिएटर वरून उघडं होतं आणि प्रयोग भर दुपारी व्हायचे. अंधार करायची सोयच नव्हती. काळोख, गारठा, भीती, सगळं शब्दांतून उभं करायचं. तुटक, दबके संवाद म्हणूनच आहेत. मोठ्याने वाचून बघा, फरक जाणवेल.

मग मेलेल्या राजाचं, म्हणजे हॅम्लेटच्या बापाचं भूत येतं, तेही चिलखत घालून. हॅम्लेटचा मित्र, शिकलेल्या होरेशिओचा भुतावर विश्वास नसतो. तोच हादरतो, तेव्हा आपणही हादरतो.

याच प्रवेशात युद्धाच्या तयारीची लांबलचक हकीकत आहे. कंटाळवाणी वाटते, पण नीट वाचा. या मेलेल्या राजाने नॉर्वेच्या राजाला द्वंद्वात मारून मुलूख जिंकला होता. आता त्या नॉर्वेच्या राजाचा मुलगा फोर्टिनब्रास तो परत घ्यायला माणसं जमवतोय. बाप गमावलेला एक मुलगा हॅम्लेटच्याही आधी आपल्याला भेटतो, आणि शेवटी डेन्मार्कची गादी त्याच्याकडेच जाते.

मराठीतून वाचायचं असेल तर आगरकरांचं 'विकारविलसित' आहे. काही अडलं तर कमेंटमध्ये जरूर विचारा.