वाढीव हमीचे हेलपाटे

माणसाने केलेली वस्तू कधी ना कधी बिघडावयाचीच. टीव्ही बिघडला म्हणून मी कुणाच्या नावाने बोटे मोडीत नाही. पण बिघाड झाल्यास आम्ही आहोत, असे सांगून ज्यांनी आधीच पैसे घेऊन ठेवले, ते वेळ आली तेव्हा होते कोठे, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे की नाही? दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर घरोघर नवे टीव्ही येतात. बिल होता होता दुकानातला मुलगा हसतमुखाने विचारतो, “साहेब, एक्स्टेंडेड वॉरंटी घेणार ना?” या साध्या प्रश्नाच्या पोटात काय काय दडलेले असते, ते मला दहा महिन्यांच्या हेलपाट्यांत पुरते कळले. वाचकांपैकी कुणाचे चार हेलपाटे वाचले, तर ते सांगितल्याचे सार्थक होईल.

भीती खरी आहे

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्या काळचा खोक्यासारखा टीव्ही बिघडला म्हणजे काय होई, हे पुष्कळांना आठवत असेल. आळीतला मेकॅनिक पिशवी घेऊन येई. मागचे झाकण काढी, सोल्डरचा धूर काढी, “कंडेन्सर गेला होता,” असे सांगून पैसे घेई आणि चहा पिऊन जाई. पिक्चर ट्यूब गेली तरच घरात सुतक.

आजच्या चपट्या टीव्हीचे तसे नाही. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, त्यातील बहुतेकांचा पडदा स्वतः उजेड देत नाही. पडद्यात द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो आणि त्याच्या मागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या लावलेल्या असतात. हे दिवे बहुधा एकापुढे एक माळेसारखे जोडलेले. माळेतला एक दिवा गेला, की सबंध माळ अंधारात. आवाज येतो, पण चित्र दिसत नाही. अशा वेळी खोलीत काळोख करून पडद्यावर तिरकी बॅटरी मारून पाहावी. चित्र अंधुक दिसले, तर मागचा उजेड गेला आहे असे समजावे.

पट्ट्या बदलता येतात. पडद्यावर उभ्या रेघा येऊ लागल्या, तर मात्र प्रकरण अनेकदा कठीण असते. काचेच्या कडेला केसाहून बारीक तारांचे जोड चिकटविलेले असतात. ते सैल झाले, की आळीतल्या मेकॅनिकच्या सोल्डरने भागत नाही. बहुधा सारे पॅनेलच बदलावे लागते. आणि टीव्हीत सर्वांत महाग काय असेल तर ते पॅनेल. त्याची किंमत कित्येकदा नव्या टीव्हीच्या आसपास जाते. तेव्हा गिऱ्हाइकाला वाटणारी भीती खरी आहे. ती खरी आहे म्हणूनच वाढीव हमीचा धंदा चालतो.

हमी देतो कोण?

कारखानदाराची हमी बहुधा एका वर्षाची असते. त्यापुढची वाढीव हमी कित्येकदा तिसरीच कंपनी देते. तिने टीव्ही बनविलेला नसतो आणि विकलेलाही नसतो. घरात चित्र असते तोवर या तिघांची नावे आपल्याला पाठ नसतात. चित्र गेले, की दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते हमीवाल्यांना विचारा, आणि हमीवाले म्हणतात, “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” पुढे वाजंत्री.

आम्ही २०२१ च्या पाडव्याला त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. किंमत चौतीस हजार. त्यावर दोन वर्षांच्या वाढीव हमीचे अठ्ठावीसशे वेगळे. हा सारा खर्च आमच्या अण्णांसाठी होता. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांचे जग म्हणजे पलंग, खिडकी आणि टीव्ही. कानांनी कमी ऐकू येते, म्हणून टीव्हीला हेडफोन लावून ऐकावयाचे आणि बातम्यांच्या खाली सरकणारी अक्षरे वाचावयाची. पडदा मोठा घेतला तो त्या अक्षरांसाठी.

जून २०२३ मध्ये पडद्याचा नेमका खालचा भाग काळा झाला. अक्षरे गेली.

‘तक्रार मिटली’

येथून पुढचा मासला पाहण्यासारखा आहे. पहिला मेकॅनिक आठव्या दिवशी आला. त्याने पडद्याचा फोटो काढला, पार्ट मागवावा लागेल म्हणून सांगितले आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. तो कशासाठी, असे मी विचारले. पोरगा सरळ होता. म्हणाला, “काका, हा दिला की माझी व्हिजिट लागते आणि कॉल क्लोज होतो.” टीव्ही अजून अंधारात आणि तक्रार मात्र मिटलेली! मी ओटीपी दिला नाही. तरीही संध्याकाळी संदेश आलाच: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडविण्यात आली आहे.

तक्रार मिटविण्याची एवढी घाई का, हे मला पुढे उमगले. एकच बिघाड महिनोन्महिने चालला, तर तो हमीवाल्यांच्या अंगाशी येतो. पण प्रत्येक खेपेस जुनी तक्रार मिटवून नवी नोंदविली, की एका दुखण्याची चार किरकोळ दुखणी होतात आणि मुदतीचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते.

जुलैत पट्ट्या बदलल्या. दीड महिना टीव्ही चालला. ऑगस्टअखेर उभ्या रेघा आल्या. ऑक्टोबरात पॅनेल बदलले. नवे की दुरुस्त केलेले, हे विचारून उत्तर मिळाले नाही. पुन्हा दीड महिना. नोव्हेंबरात त्याच रेघा.

सुरुवातीला अण्णा रोज सकाळी विचारीत, “आज यायचा का रे तो माणूस?” मी म्हणे, “येईल, अण्णा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान.” शिक्षकी पेशातल्या माणसाला ‘दहा ते सहाच्या दरम्यान’ ही वेळच कळत नसे. पुढे पुढे त्यांनी विचारणे सोडले. काळ्या पडद्यासमोर हेडफोन नीट गुंडाळून ठेवीत आणि खिडकीबाहेर पाहत बसत. रोजच्या विचारण्यापेक्षा ते न विचारणे मला अधिक लागले.

समतुल्य कशाशी?

डिसेंबरात हमीवाल्यांनी कळविले, की टीव्ही दुरुस्त होण्याजोगा नाही; तरी घसारा वजा जाता निम्मी किंमत घ्यावी. हमीपत्रातील कोष्टकात दुसऱ्या वर्षी सत्तर टक्के आणि तिसऱ्या वर्षी पन्नास टक्के असे आकडे होते. दुरुस्ती त्यांनीच तिसऱ्या वर्षापर्यंत लांबविली आणि लांबविल्याचा तोटा माझ्या माथी! बिघाड जून २०२३ चा, म्हणजे दुसऱ्या वर्षातला आहे, आणि त्याच हमीपत्रात ‘समतुल्य नवा संच’ असाही पर्याय आहे, असे मी तक्रारींच्या तारखांसह लिहून पाठविले. तेव्हा संच कबूल झाला.

जानेवारीत तो आला. इंच तेवढेच. पण हेडफोन लावावयाचे भोकच नव्हते! विचारता उत्तर मिळाले, “साइज सेम आहे ना, सर?” मोजपट्टीने मोजले तर समतुल्य; अण्णांच्या कानांनी मोजले तर निरुपयोगी. मी तो परत पाठविला. फेब्रुवारीत दुसरा आला. त्याला भोक होते, पण पेटीवर एकावर एक दोन चिकटपट्ट्या होत्या, आणि पडद्यावर तिसऱ्या दिवशी पांढरे डाग दिसू लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, ती येथे खोक्यात बांधून घरपोच मिळत होती.

दार कोणते ठोठवावे?

मग मी फोन बंद केला आणि लेखणी उचलली. सहा तक्रारींचे क्रमांक, तारखा, आलेले संदेश आणि पडद्याचे फोटो एकत्र केले. दुकानदार, कारखानदार आणि हमीवाले या तिघांनाही एकच पत्र पाठवून पंधरा दिवसांची मुदत दिली. सरकारच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदविली. तेथे मराठीतही बोलता येते. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा तयार करून त्याची प्रत तिघांना धाडली. चौथ्या दिवशी फोन आला. बोलणारा या वेळी वाजंत्री नव्हता, अधिकारी होता. एप्रिल २०२४ मध्ये सीलबंद, हेडफोन लागणारा नवा संच भिंतीवर चढला. जूनपासूनच्या दहा महिन्यांत जुना टीव्ही चालला होता जेमतेम तीन महिने.

नव्या संचाबरोबर एक चिठ्ठीही आली: आपली योजना पूर्ण झाली आहे. म्हणजे पैसे भरलेल्या मुदतीचे उरलेले सात महिने बुडाले. नव्या संचावर कारखानदाराची एक वर्षाची हमी लागू आहे, हे मात्र मी तेथल्या तेथे लेखी घेतले.

कायदा गिऱ्हाइकाला वाटतो तितका दूर नाही. महाराष्ट्रात तर ग्राहक चळवळ कायद्याच्याही आधीची आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम १९७४ साली सुरू केले, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची, आणि देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. २०१९ च्या नव्या कायद्याने एक मोठी सोय केली. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, भरपाई देणे, हे सारे आदेश आयोगाला देता येतात. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त काळ जातो, हेही सांगितले पाहिजे.

वाढीव हमी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. मात्र पैसे मोजण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हमी देणारी कंपनी कोणती? घसाऱ्याचे कोष्टक काय, आणि ते बिघाडाच्या तारखेने लागते की निकालाच्या? ‘समतुल्य’ कोण ठरविणार, आणि इंचाखेरीज कशावरून? बदली संच आल्यावर उरलेल्या मुदतीचे काय? उत्तरे छापील अटींत दाखवून मागावीत. दुकानातल्या मुलाचे हसू अटींत धरले जात नाही. पुढे बिघाड झालाच, तर फोन करावा, पण त्याच दिवशी तेच लिहूनही पाठवावे. गिऱ्हाईक एक ना एक दिवस कंटाळेल, या भरवशावर हा सारा मामला चालतो. तारखा कंटाळत नाहीत.

आणि बिलाचे एक सांगून ठेवतो. कित्येक दुकानांतून हल्ली गुळगुळीत थर्मल कागदावर बिल देतात. त्यावरची अक्षरे काही काळाने उडून जातात. हमी तीन वर्षांची आणि बिल मात्र एका पावसाळ्याचे, असे होऊ नये. टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी बिलाची झेरॉक्स काढा.