सोलरच्या कामासाठी मेगर निवडताना

घराचं वायरिंग तपासायचं तर वायरमन आधी मेन स्विच पाडतो, मग मेगर लावतो. छतावरच्या सोलर पॅनलला असा मेन स्विच नसतो. डीसी आयसोलेटर बंद केला की इन्व्हर्टरकडे जाणारा प्रवाह थांबतो, पण पॅनलपासून आयसोलेटरपर्यंतच्या केबलवर ऊन आहे तोवर शेकडो व्होल्ट उभे असतात. सोलरसाठी मेगर, म्हणजे इन्सुलेशन टेस्टर, घेताना पहिला विचार याच गोष्टीचा व्हायला हवा. किंमत, डिस्प्ले, फंक्शनांची यादी हे सगळं त्यानंतर.

साधा मेगर कुठे कमी पडतो

मेगर स्वतःचा डीसी व्होल्टेज लावतो, त्यामुळे किती प्रवाह गळतो ते मोजतो आणि त्यावरून रोध दाखवतो. मोजायच्या तारेवर आधीच दुसरा व्होल्टेज असेल तर तो या हिशेबात मिसळतो. दोष स्ट्रिंगच्या (म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या रांगेच्या) कोणत्या टोकाला आहे त्यानुसार तो कधी मिळवला जातो, कधी वजा होतो. चांगला डिजिटल मेगर अशा वेळी धोक्याची खूण दाखवून चाचणी नाकारतो. हाताने फिरवायचा जुना मेगर नाकारत नाही, काहीतरी आकडा दाखवतो, आणि तो आकडा रिपोर्टात जातो. म्हणून डीसी बाजूला तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एसी बाजूला, लाइन बंद करून ५०० व्होल्टवर केबल तपासायला तो आजही चालतो.

डीसी बाजूच्या या अडचणीवर दोन उपाय आहेत. एक, स्ट्रिंगचे प्लस आणि मायनस एकत्र शॉर्ट करून ती जोडी आणि अर्थ यांच्यात मोजायचं. हे शास्त्रशुद्ध आहे, पण शॉर्ट करताना आणि सोडवताना डीसीचा आर्क पडू शकतो, म्हणून त्या प्रवाहाला पुरणारा खास स्विचबॉक्स लागतो. वायरचा तुकडा लावून हे काम करणं जिवाशी खेळ आहे. दुसरा उपाय म्हणजे सोलरसाठीच बनवलेला टेस्टर, जो पॅनलचा व्होल्टेज लक्षात घेऊन मोजतो. हिओकीच्या आयआर ४०५३ मध्ये यासाठी वेगळी पीव्ही रेंज आहे. सीवर्डच्या पीव्ही २०० सारखी उपकरणं ओपन सर्किट व्होल्टेज, शॉर्ट सर्किट प्रवाह आणि इन्सुलेशन एकाच जोडणीत मोजतात. रोज छतावर चढणाऱ्या टीमचा त्यात बराच वेळ वाचतो.

किती व्होल्टचा घ्यावा

आयईसी ६२४४६-१ या मानकात याचं सरळ कोष्टक आहे. स्ट्रिंगच्या ओपन सर्किट व्होल्टेजला १.२५ ने गुणायचं. उत्तर १२० व्होल्टच्या आत असेल तर चाचणी २५० व्होल्टवर, १२० ते ५०० असेल तर ५०० वर, ५०० ते १००० असेल तर १००० वर, आणि त्याहून जास्त असेल तर १५०० वर. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, त्यासाठी ती पंचवीस टक्क्यांची सोय.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. ५५० वॉटच्या मोनो पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज साधारण ४९ ते ५० असतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून घरोघरी जे ३ किलोवॉटचे संच बसतात, त्यात असे सहा पॅनल एका स्ट्रिंगमध्ये असले तर व्होल्टेज ३०० च्या आसपास जातो, गुणाकार ३७५ होतो आणि ५०० व्होल्टची चाचणी पुरते. पण तोच ठेकेदार उद्या सोसायटीच्या छतावर दहा पॅनलची स्ट्रिंग लावतो. ५०० गुणिले १.२५ म्हणजे ६२५, आणि १००० व्होल्टची रेंज लागते. म्हणून फक्त ५०० चा मेगर स्वस्तात घेण्यात अर्थ नाही. २५०, ५०० आणि १००० या तिन्ही रेंज असलेला घ्यावा. १५०० ची गरज जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांना. छतावरची कामं करणाऱ्याने त्यासाठी पैसे घालू नयेत.

१ मेगओहमचा अर्थ

याच कोष्टकात किमान रोध दिला आहे: २५० व्होल्टच्या चाचणीला ०.५ मेगओहम, बाकी सगळ्यांना १ मेगओहम. पुष्कळ जण हा आकडा पास-नापासाच्या रेघेसारखा वापरतात. तिथेच घोळ होतो.

पॅनल विजेसाठी एकामागे एक जोडलेले असले तरी गळतीच्या दृष्टीने ते समांतर असतात, कारण प्रत्येकाची फ्रेम त्याच अर्थला जोडलेली आहे. पॅनलच्या मानकात दर चौरस मीटरला ४० मेगओहमची अट आहे. २.६ चौरस मीटरच्या पॅनलला ती सुमारे १५ मेगओहम पडते. दहा पॅनल मिळून दीड, वीस मिळून पाऊण. हा झाला किमान हिशेब. कोरड्या हवेत नवे पॅनल याच्या कितीतरी वर असतात. म्हणून एक एक स्ट्रिंग वेगळी मोजावी, आणि नव्या संचात शेजारच्या स्ट्रिंग २०० मेगओहम दाखवत असताना एखादी ३ दाखवत असेल तर ती ‘पास’ असूनही तिचे कनेक्टर उघडून पाहावेत.

इन्व्हर्टर सुरू होतो म्हणजे इन्सुलेशन ठीक, हाही समज चुकीचा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरची किमान रोधाची मर्यादा कमाल डीसी व्होल्टेज भागिले ३० मिलिअँपिअर या हिशेबाने ठरते. १००० व्होल्टला ती ३३ किलोओहमच्या आसपास, म्हणजे १ मेगओहमच्या तिसाव्या भागाइतकी. इन्व्हर्टर आयसोलेशन फॉल्ट दाखवतो तोवर दोष फार पुढे गेलेला असतो.

मोजण्याआधी

सर्ज प्रोटेक्टर सोडवा. तो चाचणीच्या व्होल्टेजला वाहू लागू शकतो आणि चांगली स्ट्रिंग खराब दिसते. इन्व्हर्टरही वेगळा करा.

सगळ्यात फसवा आकडा मात्र उंच असतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहत नाही. अर्थची क्लिप त्या थरावर बसली, किंवा एखाद्या पॅनलची फ्रेम अर्थला जोडायचीच राहिली, तर मेगर कमाल आकडा दाखवेल आणि सगळे खूश होतील. म्हणून आधी अर्थबार आणि प्रत्येक फ्रेम यांच्यात कंटिन्युइटी मोजावी. हे फंक्शन मेगरमध्येच असेल तर उत्तम.

आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो, कारण पॅनलची रांग कपॅसिटरसारखी भरत असते. चाचणीनंतर तो साठलेला विद्युतभार आपोआप उतरवणारा मेगरच घ्यावा. मोजणी चालू असताना कोणी फ्रेमला हात लावणार नाही याची खात्री करा. हवामानाची नोंद आकड्याशेजारी हवीच. कोकणात खारी हवा आणि पावसाळी सकाळ एकत्र आली की दुपारी लपलेला दोष दिसतो, म्हणून जुन्या संचाची तक्रार तपासायला दव असताना जाणं फायद्याचं.

दोष कुठे आहे

इथे मेगरमधला डीसी व्होल्टमीटर कामाला येतो, म्हणून तो १००० व्होल्टपर्यंत मोजणारा असावा. स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सुटी करा. प्लस ते अर्थ आणि मायनस ते अर्थ असे दोन व्होल्टेज घ्या. स्ट्रिंग चांगली असेल तर दोन्ही आकडे टिकत नाहीत, शून्याकडे उतरतात. एका जागी गळती असेल तर ते स्थिर राहतात आणि त्यांची बेरीज स्ट्रिंगच्या व्होल्टेजइतकी येते. समजा दहा पॅनल, प्रत्येकी ४५ व्होल्ट, एकूण ४५०. प्लस ते अर्थ ३१५ आणि मायनस ते अर्थ १३५ आला. १३५ भागिले ४५ म्हणजे ३. मायनसकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनलच्या मधला कनेक्टर किंवा केबल आधी पाहा. बहुतेक वेळा केबल स्ट्रक्चरच्या धारदार कडेवर घासलेली किंवा एमसी-४ कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं सापडतं.

पैसे देण्यापूर्वी

मेगरवर आणि त्याच्या प्रोबवर, दोन्हींवर, कॅट ३ १००० व्होल्ट किंवा त्याहून वरचा सुरक्षा दर्जा छापलेला असावा. यंत्र चांगलं आणि लीड बाजारातली साधी, ही जोडी धोक्याची आहे. एमसी-४ ला जुळणाऱ्या लीड सोबत मिळतात का ते विचारा; म्हणजे उघड्या टोकांत प्रोब खुपसण्याची वेळ येत नाही. उन्हात डिस्प्ले वाचता येतो का, हे दुकानाबाहेर जाऊन पाहा. आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र सोबत घ्या, दरवर्षी ते नवं करा. दोन वर्षांनी त्याच स्ट्रिंगचा आकडा निम्मा झाला तर फरक पॅनलमध्ये आहे की मेगरमध्ये, हे ठरवायला तोच कागद लागतो.