आलेख गेला कुठे? अर्थात ग्नूप्लॉटच्या तीन तऱ्हा

मंडळी, सबमिशनच्या आदल्या रात्रीचं वर्णन होस्टेलवाल्यांना सांगायला नको. रीडिंग्ज तयार, रिपोर्ट टाइप झालेला, फक्त बारा आलेख काढायचे बाकी. माझ्या जुन्या मशीनवर डेबियन आहे. डिस्कवर जागा कमी, म्हणून मी संध्याकाळीच सगळ्यात छोटं दिसणारं पॅकेज टाकलं होतं : ग्नूप्लॉट-नॉक्स. रात्री बारा वाजता पहिला 'प्लॉट' मारला, तर खिडकी उघडलीच नाही. 'टर्मिनल अननोन आहे, काहीही आउटपुट निघणार नाही' असा इशारा मात्र आला. आणि होस्टेलचं नेट अकरालाच बंद झालेलं! पार्टनर माझ्याकडे असा बघत होता की मीच रीडिंग्ज खाल्ली.

चूक कोणाची? माझीच. पण ती समजून घेताना बरंच शिकायला मिळालं, म्हणून हा लेख.

ग्नूप्लॉट १९८६ पासून आहे. नावात 'ग्नू' असलं तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. त्यात चित्र जिथे उमटतं त्याला 'टर्मिनल' म्हणतात. पडद्यावरच्या खिडकीसाठी एक्स-११, क्यूटी, डब्ल्यूएक्सटी. फाइलसाठी पीएनजीकैरो, पीडीएफकैरो, एसव्हीजी. आणि नुसत्या अक्षरांनी आलेख काढणारं 'डम्ब'सुद्धा. यातली बरीच टर्मिनल्स दुसऱ्यांच्या लायब्ररींवर उभी आहेत. कैरो नसेल तर पीएनजीकैरो नाही, क्यूटी नसेल तर क्यूटीची खिडकी नाही.

आता खरी गोम. ही टर्मिनल्स प्रोग्रॅम कंपाइल होतानाच आत जातात. एकदा क्यूटीशिवाय कंपाइल केलेल्या ग्नूप्लॉटला नंतर क्यूटीची लायब्ररी आणून दिली तरी उपयोग शून्य. उलट क्यूटीसकट कंपाइल केलं, तर ज्या सर्व्हरला मॉनिटरच नाही त्यालाही अख्खी क्यूटी गळ्यात बांधून घ्यावी लागते. म्हणून डेबियनवाले एकाच सोर्समधून तीन पॅकेजेस बनवतात : नॉक्स (खिडकीशिवाय), एक्स-११ आणि क्यूटी. नुसतं 'ग्नूप्लॉट' नावाचं पॅकेज आतून जवळजवळ रिकामं असतं; तिघांपैकी कुठलंही एक असलं की त्याचं समाधान होतं. जेंटूमध्ये हाच निर्णय तुमच्यावर सोडलेला असतो : 'यूज फ्लॅग' लावा आणि घरीच कंपाइल करत बसा.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबचं वेगळं आहे. खिडकी कुणी उघडायची हे ते चालू झाल्यावर शोधतं. टीके सापडलं तर खिडकी, नाही सापडलं तर निमूटपणे फक्त फाइल बनवतं. अशा ठिकाणी वेगळं पॅकेज बनवायची गरज नाही. नंतर टीके टाकलं तरी चालतं.

अशा नात्यांसाठी डेबियनमध्ये तीन शब्द आहेत. मेसच्या ताटावरून सांगतो. 'डिपेंड्स' म्हणजे पोळी-भाजी, त्याशिवाय जेवणच नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे वरण-भात, बहुतेकांना लागतोच. 'सजेस्ट्स' म्हणजे रविवारची स्वीट डिश, हवी तर वेगळी मागा. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीपासून एपीटी रेकमेंड्सही आपणहून वाढतं. जागा वाचवायला आपण 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' देतो, आणि मग भात कुठाय म्हणून ओरडतो! आर्चचा पॅकमन ऐच्छिक गोष्टींची फक्त यादी दाखवतो. टाकायचं काम तुमचं.

कधी कारण तांत्रिक नसून कायद्याचंही असतं. ग्नूप्लॉटचं लायसन्स जीपीएलशी जुळत नाही आणि रीडलाइन ही लायब्ररी जीपीएलखाली आहे. म्हणून डेबियनचं ग्नूप्लॉट लिबएडिट वापरतं. कमांड लिहिताना एखादी कळ ओळखीसारखी चालली नाही, तर कीबोर्डला शिव्या देऊ नका.

त्या रात्रीचं काय झालं? नुसतं 'सेट टर्मिनल' टाइप केलं, तर आत असलेल्या टर्मिनल्सची यादी आली. त्यात पीएनजीकैरो होतं! नॉक्सला खिडकी नसते, पण फाइल बनवता येते. मग टर्मिनल पीएनजीकैरो, 'सेट आउटपुट'ला फाइलचं नाव, आणि प्लॉट. शेवटी पुन्हा रिकामं 'सेट आउटपुट' द्यायला विसरू नका, नाहीतर फाइल अर्धवट राहू शकते. बारा आलेखांची एक स्क्रिप्टच लिहिली. तिसऱ्या आलेखात एक बिंदू रेषेपासून लांब उडालेला दिसला. वहीत पाहिलं तर दशांश चिन्ह चुकलेलं. आलेख निघाला नसता, तर ती चूक वायव्हात सरांनीच दाखवली असती.

तेव्हा मित्रहो, पॅकेज टाकण्याआधी 'एपीटी शो' करून त्याचं वर्णन दोन मिनिटं वाचा. आणि हे काम नेट बंद व्हायच्या आत करा!