विजापूरची सरस्वती



मी इतिहासाचा पदवीधर नाही. बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवता चालवता आयुष्य गेले आणि उरलेल्या वेळात वाचन केले, एवढीच माझी पात्रता. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

लहानपणी वडिलांबरोबर मी पहिल्यांदा विजापूरला गेलो तो गोल घुमट पाहायला नव्हे, तर सहस्रफणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला. काळ्या पाषाणातली ती मूर्ती आणि मस्तकावरच्या फण्यांचा तो पसारा अजून डोळ्यांसमोर आहे. ज्या वस्तीत हे मंदिर आहे तिचे नाव मात्र दर्गा. मी वडिलांना विचारले, "अण्णा, भगवंतांच्या गावाचं नाव दर्गा कसं?" अण्णा म्हणाले, "नाव लोक ठेवतात. आपण दर्शन घ्यायचं." त्या वयात तेवढे उत्तर पुरले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सभेत मी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहावर बोललो. हा सुलतान सरस्वतीचा भक्त होता, म्हणजे मनाने तो हिंदूच झाला होता, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दम्याचे एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. त्यांचा अत्तराचा धंदा. पुड्या खिशात ठेवत ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काल तुम्ही आमचा बादशहा आमच्याकडनं काढूनच घेतलात की." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. त्यानंतर मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून वाचला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या दिवशीच्या चुकीची दुरुस्ती आहे.

दुसरा इब्राहिम 1580 मध्ये गादीवर आला तेव्हा तो जेमतेम नऊ वर्षांचा होता. सुरुवातीला राज्य सांभाळले ते त्याच्या चुलतीने, म्हणजे प्रसिद्ध चांदबिबीने. त्याने 1627 पर्यंत राज्य केले. त्या दरबारात इराणहून आलेले विद्वान होते, दख्खनी मुसलमान आणि हबशी सरदार होते, मराठे आणि कानडी माणसे होती. पहिल्या इब्राहिमाच्या काळातच हिशेबाच्या दप्तरात फारसीऐवजी देशी भाषा आली होती आणि ब्राह्मण कारकुनांचे महत्त्व वाढले होते. सुलतानाच्या कानावर लहानपणापासून अनेक भाषा पडत होत्या, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

या राजाला संगीताचे वेड होते. 1600 च्या आसपास त्याने 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह रचला. त्यात 59 गीते आणि 17 दोहे आहेत. भाषा दख्खनी. गीते रागांप्रमाणे लावली आहेत. भूपाळी, भैरव, आसावरी, तोडी, कल्याण, कानडा, केदार ही आपल्या ओळखीची नावे त्यात भेटतात. आरंभी सरस्वतीचे स्तवन आहे, गणपतीचेही गुणगान आहे. त्याच ग्रंथात पैगंबरांची स्तुती आहे आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्याविषयीची भक्तीही आहे. स्वतःच्या आवडत्या तंबोऱ्याला त्याने 'मोतीखान' असे नाव दिले होते आणि तो तंबोराही गीतांत येतो. 'नौरस' शब्दाची त्याला फार हौस. आपले नवरस आणि फारसीतला 'ताजा, नव्याने आलेला' हा अर्थ, दोन्ही त्या एका शब्दात बसत होते. 1599 मध्ये विजापूरच्या पश्चिमेस त्याने वसवायला घेतलेल्या शहराचे नावही नौरसपूर. 1624 मध्ये ते शहर लुटून उद्ध्वस्त केले मलिक अंबराने. लुटणाराही मुसलमान सेनापतीच होता. त्या काळची सगळी मोडतोड धर्माच्या एकाच खात्यावर मांडता येत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता त्या सरस्वतीच्या चित्राकडे येऊ. फर्रुख हुसेन या चित्रकाराने ते काढले. मुघल दरबारात नाव कमावलेला इराणी चित्रकार फर्रुख बेग तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. हे चित्र आज जयपूरच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. सिंहासनावर बसलेली, शुभ्र वस्त्रातली, वीणा घेतलेली देवी आहे. बसण्याची ढब आणि सिंहासन दरबारी थाटाचे, रंगांची कलाकुसर इराणी वळणाची. चित्रावरच्या लेखात इब्राहिमाचे वर्णन गणपती ज्याचा पिता आणि सरस्वती ज्याची माता असा राजा, असे केले आहे. काही शाही कागदपत्रांच्या माथ्यावरही सरस्वतीच्या पूजेचा उल्लेख येतो. लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

एवढे वाचून मी त्या सभेत निष्कर्षावर उडी मारली होती. आमच्या व्यवसायात ही चूक नवशिके डॉक्टर करतात. रुग्ण दहा लक्षणे सांगतो. त्यातली आपल्या मनातल्या औषधाशी जुळणारी तीन तेवढी ऐकायची आणि बाकीची सोडून द्यायची. सोडलेली लक्षणे पुढे त्रास देतात.

मी सोडलेले लक्षण दगडावरच कोरलेले होते. इब्राहिम रोजा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मशीद आणि कबरीची इमारत. राणी ताज सुलताना हिच्यासाठी काम सुरू झाले, मलिक संदल याने ते पाहिले, आणि शेवटी सुलतानही तेथेच विसावला. कबरीच्या भिंतींवर आणि दारा-खिडक्यांवर अक्षरांचे जे काम आहे त्याला तोड नाही. खिडक्यांच्या दगडी जाळ्याच अक्षरांच्या आहेत. अक्षरांमधल्या फटींतून उजेड आत येतो. तेथे कोरलेल्या कुराणाच्या आयतांमध्ये एक आयत पैगंबर इब्राहिमांविषयीची आहे. ते ज्यू नव्हते, ख्रिस्ती नव्हते, मूर्तिपूजकही नव्हते, तर एका ईश्वराला शरण गेलेले होते, असा तिचा आशय. सुलतानाचे नावही इब्राहिमच. त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेणाऱ्यांना हे दगडात दिलेले उत्तर आहे, असे अभ्यासकांना वाटते. अत्तरवाल्या काकांचे म्हणणे त्याच्या कबरीवरच लिहिलेले होते आणि मी ते न वाचता भाषण ठोकले होते.

मग सरस्वतीचे काय? माझी आजची समजूत अशी आहे. तो देवीपर्यंत पोहोचला तो संगीताच्या वाटेने. या देशात गाणे शिकायचे तर गुरूसमोर बसावे लागते, आणि त्या बैठकीत सरस्वतीचे नाव आधी येते. ज्या विद्येचे ऋण घेतले तिच्या देवतेला त्याने नमन केले. आपला दीन सोडला नाही. आम्हा जैनांना हे समजायला जड जाऊ नये. आमच्याकडेही सरस्वती आहे, श्रुतदेवता म्हणून. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आम्ही ग्रंथांची पूजा करतो. म्हणून आम्ही वैदिक होत नाही, आणि ती देवीही परकी ठरत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विजापुरातच 1320 च्या सुमाराची करीमुद्दीनची मशीद आहे. तिचे खांब आणि दगड जुन्या देवळांचे आहेत, हे पाहताक्षणी कळते. तिच्या शिलालेखात रेवय्या नावाच्या स्थानिक कारागिराचा उल्लेख येतो. म्हणजे देवळाचे दगड वापरले गेले हे खरे, आणि ते बसवणारे हात इथल्याच माणसाचे होते हेही खरे. यातले एकच सांगणारा माणूस अर्धे सांगतो. पुढे तीनशे वर्षांनी इब्राहिम रोज्याच्या छज्जांखाली जे दगडी हस्त आहेत, त्यांत देवळे घडवणाऱ्या कारागिरांचे कसब दिसते. पण तेथे दगड लुटीचा नाही, कारागिरी मागून घेतलेली आहे. या दोन इमारतींमधले अंतर म्हणजेच विजापूरचा इतिहास.

आतापर्यंत राजाचे झाले. सामान्य घरात काय चालले होते? विजापुरात शाह मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला अशी सूफींची मोठी परंपरा झाली. या परंपरेतून दख्खनीत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची गीते आली. रिचर्ड ईटन यांनी 1978 च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याकडे लक्ष वेधले. दळताना आणि सूत कातताना बायकांनी म्हणायची ही गीते. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर. मधली खीळ म्हणजे पैगंबर. अशा रूपकांनी घरातल्या बाईला धर्म समजावला जाई.

आपल्या आज्या पहाटे जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हणत, त्याच वेळी शेजारच्या आळीत हे चालले होते. जाते सारखेच, पहाट तीच, पिठाचा वास तोच. भाषासुद्धा फार लांबची नाही. दख्खनीतले 'येइच', 'वोइच' ऐका. जोर देण्याचा हा 'च' आपल्या मराठीतून तिकडे गेला आहे. हैदराबादच्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. ते रोज ऐकतात.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. 'गुरुचरित्रा'त बेदरच्या यवन राजाची कथा आहे. त्याच्या मांडीला फोड होतो, औषधे हरतात, आणि गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींच्या दर्शनाने तो बरा होतो. डॉक्टर म्हणून मी त्या फोडावर मत देणार नाही. परंतु मराठीतल्या इतक्या कर्मठ ग्रंथाने सुलतानाला गुरूंच्या पायाशी जागा दिली, हे ध्यानात घ्यावे. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहितात. हुसेन अंबरखान गीतेवर मराठीत टीका करतात. यांपैकी कोणी आपले नाव बदलले नाही.

श्रोतेहो, आमच्यासारख्या सीमेवरच्या आणि दूर वसलेल्या मराठी घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. माझा नातू इब्राहिम रोज्यात मला विचारत होता, "आजोबा, हे आपलं की त्यांचं?" अण्णांसारखे एका वाक्यात उत्तर देणे मला जमले नाही. मी त्याला खिडकीपाशी नेले आणि अक्षरांतून येणारा उजेड दाखवला. मग संगमरवरी नव्हे, इथल्याच दगडाचे ते काम कोणी केले असेल, याची आम्ही बराच वेळ चर्चा केली. प्रश्न तो विसरला नाही, पण आणखी चार प्रश्न विचारू लागला. मला ते पुरेसे वाटले.

शेवटी एक विनंती. इमारती उभ्या आहेत, चित्र जयपुरात जपलेले आहे. जात्यावरची गाणी मात्र आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. ज्यांच्या घरी किंवा शेजारी ऐंशी-नव्वदीची आजी असेल, मग ती ओव्या म्हणणारी असो की दख्खनी गाणी, तिच्याजवळ वही घेऊन बसा. अत्तरवाले काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या आईला चक्कीची गाणी येत होती, असे ते एकदा बोलता बोलता म्हणाले होते. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मी पुढचा रुग्ण बोलावला आणि विचारायचे राहून गेले.