सोबतीचे एकवीस किलोमीटर

धावणे हा एकट्याने करावयाचा व्यायाम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संघ नको, मैदान नको, प्रतिस्पर्धीही नको. बूट घालावेत आणि रस्त्याला लागावे. पाच-सहा किलोमीटरपर्यंत ही समजूत खरीही ठरते. परंतु अर्धमॅरेथॉनचे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरचे उद्दिष्ट समोर ठेवले की सोबतीचे मोल कळू लागते. वयाची साठी ओलांडलेल्यांना तर ते विशेषत्वाने कळते.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, सांगलीत आमराईजवळ पहाटे जमणाऱ्या धावणाऱ्यांच्या एका गटात मी सामील झालो. शिक्षिका, औषधविक्रेते, द्राक्षबागायतदार, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असे पंचवीस-तीस जण तेथे येत. गटाने साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावण्याचे ठरवले होते. २०१२ पासून होणारी ही शर्यत सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जाते आणि त्याच मार्गाने परत येते. पूर्वार्ध चढाचा, उत्तरार्ध उताराचा. सांगलीसारख्या सपाट गावातील माणसाने त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते.

आम्ही सोळा आठवड्यांचा आराखडा आखला. आठवड्यातून तीन दिवस थोडे अंतर, रविवारी लांबचे अंतर, उरलेले दिवस विश्रांती किंवा साधे व्यायाम. रविवारचे अंतर सहा किलोमीटरपासून हळूहळू अठरापर्यंत वाढवायचे. दर चौथ्या आठवड्यात ते कमी करायचे आणि शेवटचे दोन आठवडे शरीराला सैल सोडायचे. मला यात आवर्ती ठेवीचे तत्त्व दिसले. दरमहा ठरलेला हप्ता भरावा लागतो. अखेरीस एकरकमी भरणा करून काम भागत नाही. हृदय व फुप्फुसे सरावाला तुलनेने लवकर सरावतात. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात. उत्साह पुढे आणि पाय मागे राहतात तेव्हाच दुखापती होतात.

चढाच्या सरावासाठी काही रविवारी आम्ही मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर जात असू. चढताना दम लागतो हे सर्वांना ठाऊक असते. उतारही सोपा नसतो, हे तेथे समजले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलून धरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाते.

लांबच्या धावेचा योग्य वेग कोणता? ज्या वेगात सलग वाक्ये बोलता येतात, तो. ही कसोटी महागड्या घड्याळाविनाही वापरता येते, पण तिला एक गोष्ट हवी असते : बोलायला माणूस. शेजारच्याशी गप्पा चालू असेपर्यंत वेग बरोबर. वाक्य मध्येच तुटले की पाय आवरायचे. सोबत्यामुळे धीर तर मिळतोच, शिवाय मापही मिळते.

आमच्या गटाचा एक नियम होता. चाळिशीपुढील प्रत्येकाने सरावापूर्वी डॉक्टरांना दाखवून, त्यांनी सांगितलेल्या हृदयाच्या तपासण्या करून घ्यायच्या. त्या तपासण्यांत एका निवृत्त प्राध्यापकांच्या रक्तवाहिनीत अडथळा आढळला. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी चालण्यास परवानगी दिली, धावण्यास नाही. प्राध्यापकांनी आमराईकडे येणेच बंद केले. फोनवरही ते एक-दोन शब्दांत बोलत.

एके संध्याकाळी आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. गटातील सर्वांत लहान मुलीने चहा संपवता संपवता सांगितले, ‘‘सर, आठव्या किलोमीटरला पाणी द्यायला आम्हांला माणूस मिळत नाहीये. तुम्ही याल का?’’ त्यांनी उत्तर दिले नाही. रविवारी मात्र आठव्या किलोमीटरला त्यांची स्कूटर उभी होती. पाण्याचा कॅन, केळी, गुळाचे खडे आणि हातात वही. त्या वहीत प्रत्येकाचे नाव होते. शेवटच्या माणसाच्या नावापुढे खूण झाल्याखेरीज ते जागचे हलत नसत. सर्वांत मागे बहुधा मीच असे, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो. आपल्या नावापुढची जागा मोकळी आहे आणि कोणी तरी तिच्यासाठी थांबले आहे, ही जाणीव थकलेल्या पायांना पुढे नेते. त्यांना आधार देण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. पुढचे तीन महिने आधार त्यांनीच आम्हांला दिला.

साताऱ्याच्या शर्यतीत जाणे-येणे एकाच रस्त्याने असल्यामुळे एक सुंदर गोष्ट घडते. उतरणारे वेगवान धावपटू आणि अजून चढणारे संथ धावपटू समोरासमोर येतात. पुढे गेलेली माणसे आपला श्वास खर्चून मागच्यांना हाक देतात : ‘‘चला काका, वळण आलंच!’’ मला पावणेतीन तास लागले. घाटाच्या पायथ्याशी प्राध्यापक वही घेऊन उभे होते.

जगातील श्रेष्ठ धावपटूंची गोष्टही वेगळी नाही. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात केनियाच्या एलिउड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले. त्या वेळी आळीपाळीने त्यांच्याभोवती धावून वेग राखणारे आणि वारा अडवणारे ४१ धावपटू होते.

वाचकहो, निवृत्तीबरोबर खुर्ची जाते याचे दुःख फारसे टिकत नाही. रोज ठरल्या वेळी आपली वाट पाहणारी माणसे जातात, ते अधिक सलते. आपल्या गावातही पहाटे धावणाऱ्यांचा एखादा गट असेल. वैद्यकीय तपासणी करून त्यात अवश्य जावे. धावता आले तर धावावे. नाही आले, तर आठव्या किलोमीटरला पाणी घेऊन उभे राहावे. तेथेही माणूस हवाच असतो.